दोन रायफली आणि लायसन्सवर एकच जागा

डिसेंबर २०१९ ला आर्म्स ॲक्टमधी दुरुस्ती झाली आणि एका माणसाच्या लायसन्सवर तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलं, तेव्हा आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, लायसन्सवर बरोबर तीन नोंदी होत्या. एक बारा बोअरची दुनळी, एक इशापूरची ३१५ स्पोर्टिंग रायफल, आणि आमच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, घेतलेली अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीची ३७५. रायफलीचे हे आकडे म्हणजे बोअर, नळीच्या भोकाची रुंदी. विधेयक पहिल्यांदा आलं त्यात तर एकच हत्यार लिहिलेलं होतं, मग सगळीकडून ओरड झाली तेव्हा कुठं दोनवर आलं. जादाचं हत्यार वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायचं आणि त्यानंतर नव्वद दिवसांत ते लायसन्सवरून उडणार. वडिलोपार्जित आहे म्हणून सूट द्या म्हणावं तर तीही सोय नाही, वारसाहक्कानं आलेलं हत्यारसुद्धा त्या दोनातच धरतात.

दुनळीला हात लावायचा नाही हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं. ज्यांच्या घरी शेती आहे आणि जागलीला जावं लागतंय त्यांना हे सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. रात्री आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीवर, झोपलेल्या माणसाच्या हातात रायफलपेक्षा दुनळी बरी, कारण तिचे छर्रे लांब जात नाहीत, काडतूस कुठंही मिळतंय, आणि निम्म्या वेळा नुसता हवेत एक बार काढला तरी डुकरांचा कळप धुऱ्यापलीकडं जातो. कायदासुद्धा गुळगुळीत नळीच्या बंदुकीला रायफलीपेक्षा वेगळ्या नजरेनं बघतो, त्यामुळं पुढं रिन्यूअलला त्रास कमी. म्हणजे राहिली एकच जागा आणि तिच्यासाठी दोन रायफली, दोन्ही बोल्ट ॲक्शन, म्हणजे दरवेळी हातानं दांडा मागं-पुढं करून काडतूस भरायचं, आणि दोघींमधी जमीन-अस्मानाचा फरक.

३७५ ची गोष्ट आधी सांगतो कारण घरात सगळ्यांचा जीव तिच्यात. आमचं गाव किनवट तालुक्यातलं. १९५६ पर्यंत किनवट नांदेडात नव्हतं, आदिलाबाद जिल्ह्यात होतं, हैदराबाद स्टेटमधी. त्यावेळचं जंगल आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही, सागवान, बांबू, पैनगंगेच्या काठानं सलग झाडी आणि वाघ म्हणजे काही नवलाची गोष्ट नव्हती, गुरं मारली की पोलीस पाटलामार्फत वर खबर जायची आणि मग बंदूकवाल्यांना बोलावणं यायचं. आबांनी ही रायफल हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून जुनीच विकत घेतली, त्यांची जहागिरी गेल्यावर ते सामान काढायलेले. लायसन्सच्या जुन्या पुस्तकात शिक्के बघितले की सगळा इतिहास दिसतो, आधी हैदराबाद स्टेट, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. माणूस आणि रायफल एकाच वाड्यात राहिले आणि राज्यं तीन बदलली.

आता ३७५ म्हणजे काय चीज आहे हे माहीत नसलेल्यांसाठी. हे काडतूस इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९१२ साली काढलं, बुडाशी पितळेचा एक जाड पट्टा असतो त्याला बेल्ट म्हणतात. गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, आणि वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वर. आफ्रिकेत कित्येक देशांत हत्ती, रेडा असल्या जनावरांवर किमान ३७५ पाहिजेच असा नियम आहे. आणि आमची रायफल विंचेस्टरचं मॉडेल ७०, जे १९३६ ला आलं आणि १९६४ ला कंपनीनं बदललं, त्या बदलाच्या आधीचं. बोल्ट मागं घेताना आणि पुढं नेताना हाताला जे जाणवतं ते लिहून सांगता येत नाही. बोल्टच्या कडेनं एक लांब पोलादी पट्टी असते, एक्स्ट्रॅक्टर, ती मॅगझिनमधून, म्हणजे खालच्या काडतुसांच्या पेटीतून, वर आलेल्या काडतुसाची कड तिथंच धरते आणि चेंबरमधी, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जाईपर्यंत सोडत नाही, रायफल उलटी धरली तरी काडतूस पडत नाही. सेफ्टीला तीन जागा. पुढं केली की बार होणार, मधी ठेवली की बोल्ट उघडतो पण बार होत नाही, म्हणजे निर्धास्तपणे काडतुसं काढता येतात, आणि पूर्ण मागं घेतली की बोल्टसुद्धा बंद. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी बसून किती विचार केला असेल, मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

३१५ अण्णांनी घेतली, ऐंशीच्या दशकात, नवी कोरी, पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीची. तिचं घराणं म्हणजे इंग्रज फौजेची ३०३ बोअरची ली-एनफिल्ड, जी आपल्या पोलिसांकडं कित्येक वर्षं दिसायची. फौजेची ३०३ साध्या लोकांना मिळायची नाही, इंग्रजांनी ते काडतूस खाजगी वापरात बंदच ठेवलेलं आणि आजही ते प्रतिबंधित बोअरमधीच येतं, म्हणून हिंदुस्थानातल्या लोकांसाठी तीच रायफल वेगळ्या बोअरमधी बनवली, आठ मिलिमीटरची, मूळ ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर काडतुसावरून. २४४ ग्रेनची बोथट तोंडाची गोळी, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या जवळपास. कागदावर ३७५ च्या समोर उभीच राहत नाही, तिची ताकद ३७५ च्या निम्म्याच्याच आसपास भरते. बोल्टचे लॉक मागच्या बाजूला, विंचेस्टरचे पुढं नळीला लागून, त्यामुळं जास्त दाबाचं काडतूस ३१५ च्या घराण्याला सोसत नाही. पण बोल्टची मूठ थोडीच उचलावी लागते आणि हात पटकन चालतो, खांद्यावरून न काढता दुसरा बार होतो.

आता खरा प्रश्न हा की आज ह्या रायफलींचं काम काय. वाघाच्या शिकारीवर १९७० ला बंदी आली, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि शिकार हा विषय तिथंच संपला आणि संपला ते बरं झालं, आमच्याकडं जे थोडं जंगल राहिलंय ते त्यामुळंच राहिलंय असं माझं स्पष्ट मत आहे. आता जे काही होतं ते त्या कायद्याच्या कलम ११ खाली, पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठी नाहीतर रोहीसाठी वन खात्याची लेखी परवानगी मिळाली तर आणि त्या परवानगीत लिहिलंय तेवढंच. रोही म्हणजे नीलगाय, नर दोन-सव्वादोनशे किलोचा असतो, तुरीच्या शेतात दहा-बाराचा कळप शिरला की सकाळी ते शेत बघवत नाही. हरभऱ्याचे घाटे भरायला लागले की शेंडे खातात आणि खाल्लं त्याच्या दुप्पट तुडवतात. डुक्कर भुईमूग आणि मका उकरून काढतं. म्हणजे मोठं जनावर म्हणावं तर रोहीच, आणि त्याला ३१५ पुरते का ३७५ लागते, हा प्रश्न खराखुरा होता, नुसता हौसेचा नव्हता.

मधी लॉकडाऊन आला आणि वर्षातले कित्येक महिने तसेच गेले. उठल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते दोन्ही रायफली कारागिराला दाखवायचं. हैदराबादला चांगले जुने कारागीर आहेत असं ऐकून होतो, पण अण्णांचं लायसन्स महाराष्ट्रापुरतंच, हद्द ओलांडली की गुन्हा, त्यामुळं औरंगाबादला गेलो, तेव्हा शहराचं नाव तेच होतं. दुकानातले चाचा वयस्कर, डोळ्यांवर घड्याळजी लावतात तसलं भिंग. त्यांनी आधी दोन्ही बोल्ट काढले, नळ्यांमधून खिडकीच्या उजेडाकडं बघितलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

दोन्ही नळ्यांना गंज होता. २०१९ च्या विधानसभेला हत्यारं जमा करायची नोटीस आली होती, सप्टेंबरअखेर जमा केली, आणि त्या वर्षीचा परतीचा पाऊस मराठवाड्यातल्या कुठल्याच शेतकऱ्याला विसरता येणार नाही, दिवाळी झाली तरी पडायलाच होता, सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. ज्या खोलीत हत्यारं ठेवली तिची भिंत ओली आणि रायफली भिंतीला टेकवून उभ्या. परत मिळाल्यावर आम्ही लगेच तेल घातलं पण आत जे व्हायचं ते झालं होतं. चाचांनी कापडाची पट्टी सळईला लावून आत फिरवली, पहिली पट्टी लाल, दुसरी लाल, तिसरी तपकिरी, असं करत करत पांढरी येईपर्यंत त्यांनी केलं. मग मला बोलावलं आणि भिंग दिलं. ३१५ चे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, अजून कडक उभे होते, नळीच्या तोंडाकडं थोडे बारीक खड्डे, बस्स. ३७५ मधी मात्र चेंबरच्या पुढं हातभर अंतरात खड्डे खोल होते, आणि ते गेल्या पावसाळ्याचे नव्हते. चाचा म्हणाले, "बेटा, ये पुराना घाव है, काडतूस का."

ते समजावून सांगतो कारण जुनी रायफल घरी असलेल्या प्रत्येकानं हे समजून घ्यावं. पूर्वीच्या काडतुसांच्या प्राइमरमधी, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत, एक क्षार असायचा, बार झाला की तो मिठासारखा नळीत बसतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो. तेल लावून तो निघत नाही, तेलाखाली तो आपलं काम करत राहतो. तो पाण्यात विरघळतो, म्हणून बार काढल्यावर त्याच दिवशी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, नळी हात लावू देणार नाही इतकी तापली पाहिजे, मग ती आपोआप कोरडी होते आणि त्यानंतर तेल. आबा शेवटची काही वर्षं आजारी होते आणि नंतर रायफल तशीच राहिली, त्यावेळचं ते असणार.

तरीपण चाचांचा निकाल ३७५ च्याच बाजूनं होता. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली जागा, बरोबर, बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा नंबर जुळतो, दस्त्याच्या मानेला भेग नाही, जी ह्या बोअरमधी धक्क्यानं हमखास पडते. म्हणाले, ही मशीन आणखी शंभर वर्षं चालेल, आणि ३१५ ला त्यांनी फक्त "काम की है" एवढंच म्हटलं. ३१५ चा घोडा फार जड होता, दोन टप्प्यांत दबायचा आणि दुसऱ्या टप्प्यात मधीच अडखळायचा. तो त्यांनी खोलून साफ केला, घासून गुळगुळीत केला, पण हलका करायला साफ नकार दिला. शेतात वापरायच्या हत्याराचा घोडा हलका नको म्हणाले आणि मला ते पटलं.

मग रीतसर परवानगी काढून रेंजवर गेलो. मी, अण्णा आणि माझा चुलत भाऊ. वाळूची पोती टेकायला, शंभर यार्डावर कागद, दोन्हीला दुर्बीण नाही, नेम धरायला नुसती पुढची माशी आणि मागची खाच.

३१५ आधी चालवली. तिची काडतुसं मॅगझिनमधी भरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, बुडाला कड असल्यामुळं वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढं आली पाहिजे, मागं राहिली की बोल्ट पुढं नेताना दोन कडा एकमेकींत अडकतात आणि ऐनवेळी रायफल जाम. अण्णांच्या बोटांना ती सवय अशी आहे की ते बोलत बोलत अंधारात भरतात. पाच गोळ्या कागदावर वीतभर जागेत पडल्या, थोड्या उजवीकडं. धक्का लागतो पण दुसऱ्या दिवशी खांदा दुखत नाही.

मग ३७५. खरं सांगतो, मी तिला भ्यायलो होतो, लहानपणापासून तिच्या धक्क्याच्या गोष्टी ऐकलेल्या. पण तिचा धक्का झटका देत नाही, सगळ्या अंगाला मागं ढकलतो, आबांनी लावलेल्या जाड रबरी गादीचाही त्यात हात असेल. पहिल्या तीन गोळ्या चार बोटांच्या जागेत. शंभर यार्डावर, नुसत्या माशीवर, नळीत खड्डे असताना! चुलत भाऊ तर कागद हातात घेऊन आमच्यापुढं नाचवायला लागला की बघा, आता काय बघायचं राहिलं, ठरलं. आणि त्या घडीला मीसुद्धा त्याच्याच बाजूला होतो.

चौथ्याला घोडा दाबला आणि नुसती टक् झाली. बार नाही. अण्णा मागून एकच शब्द बोलले, "थांब." असं झालं की रायफल आहे तशीच टार्गेटकडं धरून ठेवायची, बोल्टला हात लावायचा नाही, कारण जुनी दारू कधी कधी उशिरा पेटते आणि बोल्ट उघडल्यावर पेटली तर चेहरा जागेवर राहत नाही. मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवली, मग सावकाश उघडली. काडतूस बाहेर आलं, प्राइमरवर पिनचा खड्डा चांगला खोल होता, म्हणजे रायफलीनं तिचं काम केलं होतं, काडतूसच मेलं होतं. पाचवं लागलं पण आवाज वेगळा आला, दबका, आणि गोळी कागदावर वीतभर खाली. आम्ही तिथंच थांबवलं. काडतुसं कायनॉक ह्या इंग्रजी कंपनीची, आबांच्या वेळची, उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत तापलेली आणि पावसाळ्यात गार झालेली, इतकी वर्षं. उरलेली सगळी तसलीच.

आणि इथं येऊन सगळा प्रश्न बदलला. मला वाटतं रायफल निवडताना लोक नळी बघतात, कंपनी बघतात, ताकदीचे आकडे पाठ करतात आणि काडतूस कुठून येणार हे शेवटी विचारतात, ते सगळ्यात आधी विचारलं पाहिजे. आपल्याकडं सरकारी कारखाने ३१५ बनवतात, ३०-०६ बनवतात, पॉइंट बावीस, पॉइंट बत्तीस आणि बारा बोअर बनवतात. ३७५ बनवत नाहीत. परदेशात ती आजही सर्रास बनते, पण तिकडून काडतूस आणायची सवलत नामांकित नेमबाजांना असते, किनवटच्या शेतकऱ्याला नाही. डीलर लोकांना फोन केले, कुणाकडं कुण्या जुन्या लायसन्सवाल्याची पाच-दहा पडलेली, ती पण आमच्यासारखीच म्हातारी आणि किंमत अशी की एका काडतुसात ३१५ ची कितीतरी यावीत. घरी भरायचा विचार कुणी करू नये, बिनपरवाना काडतूस तयार करणं हा आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा आहे.

आता विचार करा, समोर डुक्कर आहे, पहिल्या गोळीनं जखमी झालंय आणि वळलंय, ज्यानं जखमी डुक्कर येताना बघितलंय त्याला सांगायला नको, आणि दुसऱ्याला नुसती टक् झाली तर? आणि जनावर जखमी होऊन उसात शिरलं तर दुसऱ्या दिवशी तिथं ऊसतोडीच्या बाया-पोरं जाणार आहेत. दबक्या आवाजाचं जे पाचवं काडतूस होतं त्यानं हेच केलं असतं, पोटात नाहीतर पायाला लागलं असतं. ज्या हत्यारावर सराव करता येत नाही, कारण प्रत्येक सरावाला शेवटच्या डब्यातलं एक काडतूस कमी होतंय, ते हत्यार कितीही चांगलं असलं तरी माझ्या हातात चांगलं नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. आमच्याकडं डोंगर आहेत पण शेतं पैनगंगेच्या बाजूला सपाट, आखाडे विखुरलेले, एका शेतात जागल तर शेजारच्या शेतातही कुणीतरी बाजेवर झोपलेलं. रायफलची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते, मग ती ३१५ ची असो का ३७५ ची. म्हणून बार मचाणावरूनच काढायचा, गोळी जनावरातून निघाली तरी मातीतच जावी अशा कोनात, आणि अंतर साठ-सत्तर यार्डाच्या वर घ्यायचंच नाही. एवढ्या अंतरावर ३१५ ची जड, बोथट, सावकाश गोळी रोहीच्या खांद्यामागं बरोबर बसली तर पुरून उरते. ३७५ रोहीच्या आरपार जाऊन पुढं निघेल आणि ती ताकद मला नकोच आहे, ती आफ्रिकेतल्या मोकळ्या रानासाठी बनवलेली.

घरात मात्र हे सांगणं सोपं गेलं नाही. काका नांदेडहून आले, ते म्हणायलेले की ३१५ काय, उद्या पैसे टाकले की नवी मिळते, आबांची रायफल परत मिळणार आहे का. त्यांचं चूक नव्हतं. आत्या तर फोनवर रडली. मग काकांनी मधला मार्ग काढला की ती काकांच्या नावावर घेऊ, पण काकांचं लायसन्सच नाही, नव्या अर्जाला पोलीस व्हेरिफिकेशन, मेडिकल, सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि त्यावर हत्यार कशाला पाहिजे ह्याचं कारण, आणि मुदत तर संपत आलेली. नुसती चालू न करता शोभेला ठेवू असंही निघालं, म्हणजे नळी बुजवून, बोल्ट वेल्ड करून. त्याला अण्णांनी ठाम नाही म्हटलं. म्हणाले, "माणसाचे हात तोडून त्याला बैठकीत बसवल्यासारखं होईल ते. चालणारी वस्तू आहे, चालवणाऱ्याकडं जाऊ द्या." अण्णा सहसा एवढं बोलत नाहीत. त्यावर काका गप्प झाले.

विकायची म्हटल्यावर कळलं की त्या वर्षी सगळा महाराष्ट्र, सगळा देशच तिसरं हत्यार विकायलाय. भाव पार पडलेले. आम्ही डीलरकडं सेफ कस्टडीत ठेवली, त्याची पावती ठाण्यात दिली म्हणजे मुदत पाळल्याची नोंद झाली, आणि घाई केली नाही. एका डीलरनं सुटे भाग करून घेतो, दस्ता वेगळा, बोल्ट वेगळा, असं सुचवलं, त्याच्याकडून लगेच उचलली. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातला एक माणूस मिळाला ज्याच्याकडं आधीच ३७५ होती, लायसन्सवर एक जागा मोकळी होती आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडं चांगल्या स्थितीतली काडतुसं होती. कलेक्टर ऑफिसची एनओसी, त्याच्या लायसन्सवर ठराविक बोअरची नोंद, मग डीलरच्या रजिस्टरला दोघांच्या सह्या. पैसे किती आले ते सांगत नाही, पण चांगल्या मोबाइलच्या वर फार गेले नाहीत. त्या माणसानं तिचा बोल्ट उघडून एकदा मागं-पुढं केला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला बरं वाटलं.

३१५ वर नंतर मी मेहनत घेतली. गोळ्या उजवीकडं पडायलेल्या म्हणून पुढची माशी तिच्या खाचेत उजवीकडंच सरकवावी लागते, गोळी जिकडं चुकते तिकडंच माशी न्यायची, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. लाकडाच्या ठोकळ्यानं थोडी थोडी सरकवत साठ यार्डावर बरोबर केली, शंभरावर नाही, कारण माझं काम साठवरच आहे. काडतुसं घेताना एकाच लॉटची घेतो, डब्यावरचा नंबर बघून, कारण लॉट बदलला की गोळी पडायची जागा बदलते हे कागदावर दिसलं. आणि बार काढल्यावर उकळतं पाणी, दरवेळी, कंटाळा न करता.

तुरीच्या हंगामात वनपरिक्षेत्र कार्यालयात डुकरांसाठी अर्ज केला, सोबत तलाठ्याचा नुकसानीचा कागद आणि फोटो. लेखी परवानगी आली त्यात गट नंबर, मुदत, जनावर कोणतं, आणि मादीसोबत पिल्लं असतील तर नाही, असं सगळं लिहिलेलं. मचाण बांधलं, आजूबाजूच्या आखाड्यांवर निरोप दिला की आज रात्री बाहेर फिरू नका. एक मोठा नर आला, पन्नास पावलांच्या आत, आडवा उभा राहिला तेव्हाच बार काढला. तिथंच पडला. सकाळी वनरक्षक आले, पंचनामा झाला, त्यांच्यासमोरच खड्डा करून पुरला, मांस कुणी घेत नाही आणि घेऊही नये. गोळी मातीत हातभर खाली सापडली, चपटी झालेली.

अण्णांची सत्तरी झाल्यावर आर्म्स रूल्स २०१६ च्या नियम २५ खाली दोन्ही हत्यारं माझ्या नावावर करायचा अर्ज टाकला. मालकाचं वय सत्तर झालं नाहीतर हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं राहिलं, दोन्हीपैकी जे आधी होईल त्यावर तो हयात असतानाच वारसाच्या नावावर करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही, ते माणूस जायची वाट बघत बसतात आणि मग हत्यार ठाण्यात, वारसांच्या संमतीसाठी धावपळ, आणि तोपर्यंत नळीचा गंज. फॉर्म ए-१ भरला, बाकीच्या वारसांची संमती जोडली, त्यात काकांचा काही संबंध नव्हता तरी ते स्वतः कलेक्टर ऑफिसला माझ्यासोबत आले. यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा देशपातळीवरचा नंबर, पडून लायसन्स हातात आलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ३१५ हातात घेतली, खांद्याला लावून बघितली, आणि घोडा कुणी इतका चांगला केला ते विचारलं.